रडार, वैनगंगा आणि आपल्या बांध्या

(आपल्या १९९५-९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, ब्रह्मपुरी येथे केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



मेळाव्याच्या समितीनं मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू नेमकं काय काम करतेस ते आम्हाला कोणालाच माहीत नाही. दहावीतल्या पोराला समजेल असं सांग. वीस मिनिटं. त्यानंतर जेवण आहे." तेव्हा वडाभाताचा वास येऊ लागला की मी थांबेन, काळजी करू नका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवी घेतली आणि पहिली बारा वर्षं बँकांचे प्रोग्राम लिहिले. गेली अकरा वर्षं उपग्रहांवरच्या रडारकडून जे आकडे येतात, त्यांचं चित्र तयार करण्याचं काम करते. रडार म्हटलं की विमानतळ आणि युद्ध आठवतं. पण आज मी आपल्या जिल्ह्याबद्दल बोलणार आहे. धानाच्या बांध्या, वैनगंगेचा पूर, झाडी आणि कोळशाच्या खाणी. आणि माझ्या हातून झालेली एक चूक.

सुरुवात आपल्याच शाळेतून करते. नववीत विज्ञानाच्या सरांनी आपल्याला राईस मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत नेलं होतं, आठवतं? आवाजाचा वेग मोजायला. मिलच्या उंच भिंतीसमोर उभं राहून टाळी वाजवायची, भिंतीवरून प्रतिध्वनी येतो. प्रतिध्वनी आणि पुढची टाळी बरोबर एकाच वेळी पडेल अशी लय धरायची. वीस टाळ्यांना किती वेळ लागला ते खेळाच्या सरांच्या स्टॉपवॉचवर बघायचं. जाण्या-येण्याचं अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग.

आपण चाळीस जण होतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणाचं २०५, कोणाचं २३५. सरांनी सगळी उत्तरं फळ्यावर मांडली आणि सरासरी काढली. म्हणाले, एकाचा हात चुकतो, कोणी टाळी लवकर मारतो, कोणी उशिरा. पण चाळीस जणांच्या चुका एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरी आली २२० मीटर प्रतिसेकंद. पुस्तकात मात्र ३४० च्या जवळपास होतं.

वर्गात शांतता पसरली. चाळीस जणांची सरासरी एवढी कशी चुकेल? तेव्हा टेपचं टोक धरून भिंतीपाशी उभा राहिलेला आपला एक मित्र हळूच म्हणाला, "सर, तीस मीटरचा टेप आपण दोनदा पूर्ण टाकला होता आणि वर पंचवीस. वहीत मात्र एकदाच मांडला." म्हणजे भिंत ५५ नव्हे, ८५ मीटरवर होती. पुन्हा गणित केलं, उत्तर बरोबर आलं. तो मित्र आज इथेच मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेतलं तर उठून पळेल, म्हणून घेत नाही.

त्या दिवशी सर जे बोलले ते मला तेव्हा अर्धंच कळलं. ते म्हणाले, "सरासरीनं गडबड जाते, चूक जात नाही." पुढचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवतीच आहे.

रडार म्हणजे तीच टाळी. फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहर, सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाणारी. लहर सोडायची, ती कशावर तरी आपटून परत येते, लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. परत येणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो आणि यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडालेला असतो. मंडईच्या गर्दीत आई हाक मारते तसं. आवाज गर्दीपेक्षा बारीक असला तरी आपण ओळखतो, कारण तिचा सूर आपल्याला पाठ असतो. रडारचा प्रोग्रामही हेच करतो. आपण नेमका कोणता सूर सोडला होता हे त्याला माहीत असतं. आलेल्या खरखरीवर तो सूर जागोजागी ठेवून बघतो. जिथं जुळला तिथं प्रतिध्वनी.

हा सूरही साधा नसतो. छोटा, तीव्र आवाज केला तर अंतर नेमकं कळतं, पण त्यात जोर मावत नाही. लांब आवाज केला तर जोर मिळतो, पण अंतर पुसट होतं. दहा मायक्रोसेकंद चालणारी साधी लहर दीड किलोमीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या सांगू शकत नाही. यावर उपाय असा, की लांब सूर सोडायचा, पण त्याची पट्टी खालून वर चढवत न्यायची. परत आल्यावर गणितानं तो सूर दाबून एका टिंबाएवढा करायचा. जोरही मिळतो आणि नेमकेपणाही. आज नव्या मोटारींच्या बंपरमागे बसवलेलं छोटं रडारही असाच चढता सूर सोडत असतं.

दुसरी युक्ती डॉपलरची, १८४२ सालची. नागपूर-नागभीडची छोटी गाडी आठवा. शिट्टी देत जवळ येताना तिचा सूर चढा वाटायचा आणि पुढे गेली की एकदम उतरायचा. प्रतिध्वनीचा सूर किती बदलला यावरून ती वस्तू जवळ येते आहे की दूर जाते आहे, आणि किती वेगानं, हे कळतं. हवामान खात्याचं नागपूरचं डॉपलर रडार ढगातल्या थेंबांचं हेच मोजतं. पाऊस कुठं आहे हे प्रतिध्वनीच्या जोरावरून, आणि वारा त्याला कुठं नेतो आहे हे सुरावरून.

आता जरा थांबून एक हिशोब करू. नागपूरहून भामरागड सरळ रेषेत साधारण २५० किलोमीटर आहे. रडारचा झोत जमिनीला घासून सोडता येत नाही, अर्धा अंश तरी वर ठेवावा लागतो. शिवाय पृथ्वी गोल आहे, ती खाली वाकत जाते. म्हणून हा झोत चंद्रपूरवर पोचतो तेव्हा जमिनीपासून सव्वादोन किलोमीटर वर असतो. भामरागडवर पोचेपर्यंत जवळजवळ सहा किलोमीटर वर गेलेला असतो. आकाशात उंच चढलेलं वादळी ढगाचं डोकं त्याला दिसेल, पण त्याच्या खालून पडणारा पाऊस त्याच्या नजरेखालून निसटेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या गावाला पावसाची खबर सगळ्यात आधी हवी, ते गाव रडारच्या सावलीत आहे. हा कोणाचा हलगर्जीपणा नाही, भूमिती आहे. पण भूमितीला उत्तर असतं : जवळ आणखी एक रडार. हे मागणं आपल्या जिल्ह्यानं मागायला हरकत नाही.

आता उपग्रहाकडे येते. साधा उपग्रह म्हणजे वर टांगलेला कॅमेरा. तो उजेडावर चालतो आणि ढग आले की आंधळा होतो. आपल्याकडे नेमकं जेव्हा बघायची गरज असते, जून ते सप्टेंबर, तेव्हाच तो कामाचा नसतो. रडारची लहर ढगातून आरपार जाते, रात्रीही चालते. मग अडचण काय? अडचण अँटेनाच्या आकाराची. बारा मीटरचा अँटेना घेऊन ७४७ किलोमीटरवरून २४ सेंटिमीटरच्या लहरीनं बघितलं, तर जमिनीवर जवळजवळ १५ किलोमीटरचा एकच ठिपका दिसतो. चंद्रपूर आणि बल्लारपूर एकाच डागात. दहा मीटरचा तपशील हवा असेल तर साधारण १८ किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल. तो कोण आणि कुठं टांगणार?

१९५१ साली अमेरिकेत कार्ल वायली या इंजिनिअरला सुचलं, की एवढा लांब अँटेना एका वेळी असायची गरजच नाही. छोटा अँटेना पुढे पुढे नेत राहायचं, प्रत्येक जागेवरचा प्रतिध्वनी जसाच्या तसा लिहून ठेवायचा, आणि नंतर सगळे प्रतिध्वनी गणितानं एकत्र करायचे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. दोन सेकंद तो एकाच शेताकडे बघत जातो आणि तेवढ्या वेळात हजारो टाळ्या वाजवतो. त्या सगळ्या नीट जुळवून मिळवल्या, की पंधरा किलोमीटरच्या डागाच्या जागी बांधी आणि धुरा दिसू लागतात. एका अर्थी आपल्या मिलच्या भिंतीपुढची चाळीस जणांची सरासरीच ही. माझी पोळी-भाजी यावरच चालते.

१९७८ साली सीसॅट नावाचा उपग्रह असं रडार घेऊन गेला. जेमतेम साडेतीन महिने चालला. त्याच्या बहुतेक प्रतिध्वनींचं चित्र सुरुवातीला फिल्म, लेझर आणि भिंगं वापरून काढलं गेलं, कारण एवढी बेरीज संगणकांना झेपत नव्हती. आज तेच काम माझ्या टेबलावरचा संगणक चहा होईपर्यंत करतो. रडारच्या पेटीतही सुधारणा झाली, पण खरी झेप या बेरजेत आहे.

आता माझी गोष्ट.

ऑगस्ट २०२० चे शेवटचे दिवस तुम्ही कोणी विसरला नसाल. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडलेले, आणि वैनगंगा आपल्या गावांमधून वाहत होती. लाडजसारख्या गावांतून माणसं बोटीनं काढावी लागली. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये, दाराबाहेर पडता येत नाही. आईबाबा नदीपासून दीड किलोमीटरवर. रात्री अकराला भाऊ म्हणाला, "पाणी बोडीच्या पाळीपर्यंत आलं," आणि फोन लागेनासा झाला. सकाळी सव्वासातला लागला. सगळे शाळेच्या गच्चीवर होते. गोठ्यातली एक म्हैस गेली, माणसं वाचली. त्या आठ तासांत मी काय करत होते? संगणकावर ढगांचे पांढरे फोटो बघत होते. ज्या बाईचं कामच ढगाआडचं बघणं आहे, तिला स्वतःचं गाव दिसत नव्हतं.

मग मी ठरवलं, की आपल्या भागाच्या पुराचा नकाशा आपोआप काढणारा प्रोग्राम लिहायचा. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचे आकडे २०१४ पासून सगळ्यांना फुकट मिळतात. सुट्टीच्या दिवशी बसून लिहिला. नियम सोपा होता. शांत पाणी लहरीसाठी आरशासारखं असतं, तिरपी आलेली लहर पुढेच निघून जाते, परत काही येत नाही. म्हणून पाणी काळं दिसतं. काळं म्हणजे पाणी, बाकी कोरडं.

जुलै २०२२ मध्ये पुन्हा दोन्ही जिल्ह्यांत पूर आला. माझा प्रोग्राम तयार होता. नकाशा काढला, निळ्या रंगात पाणी, आणि मोठ्या अभिमानानं आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली. "शाळेचं नाव काढलंस" असंही एकानं लिहिलं. दोन तासांनी मागच्या रांगेतल्या त्या मित्राचा, टेपवाल्याचा, आवाजी संदेश आला. तो तसाच सांगते :

"अवं, हे जे तू निळं निळं दाखवून राहिली ना, हा पूर नाही. ह्या तं आमच्या बांध्या आहेत. परवा चिखल केला, रोवणी चालू आहे. अन् नदीकाठची झुडपी मानभर पाण्यात आहे, ते तू कोरडी दाखवून राहिली. उलटं झालं ना सारं."

मी चित्र पुन्हा उघडलं. तो शंभर टक्के बरोबर होता.

जुलैत रोवणीसाठी चिखल केलेली बांधी म्हणजे चार-सहा इंच शांत पाणी. रडारला ती आणि पुराचं पाणी सारखंच. माझ्या नकाशानं सगळी रोवणी बुडवून टाकली होती. आणि झाडीत पाणी शिरलं की काय होतं? लहर पाण्यावर आपटते, तिथून झाडाच्या बुंध्यावर, आणि बुंध्यावरून सरळ परत येते. दोनदा उसळलेली ही लहर जोरदार असते, म्हणून बुडालेली झाडी काळी न दिसता उलट जास्त चमकते. मी चमकणाऱ्या जागेला कोरडं म्हटलं होतं.

विचार करा, उद्या अशा नकाशावरून पंचनामा झाला असता तर? ज्याची रोवणी सुखरूप त्याचं नाव यादीत, आणि ज्याचं घर झुडपीच्या कडेला, पाण्यात, त्याच्या नावापुढे 'बाधित नाही'. आणि तो तलाठ्याकडे गेला असता तर उत्तर मिळालं असतं, "उपग्रहात दिसत नाही." माणसाशी भांडता येतं, उपग्रहाशी कसं भांडणार?

गंमत म्हणजे माझ्या आकडेमोडीत खोट नव्हती. हजारो प्रतिध्वनींची बेरीज अचूक होती, खरखर जवळजवळ शून्य होती. आणखी दहा उपग्रहांचे आकडे मिळवले असते तरी नकाशा तेवढाच चुकला असता, कारण टेपच एकदा कमी मांडला होता. गडबड गेली होती, चूक राहिली होती. सर, तुमचं वाक्य मला पूर्ण कळायला सव्वीस-सत्तावीस वर्षं लागली.

मग दुरुस्ती कशी केली? मित्रानं आणि त्याच्या भावकीनं चाळीसेक बांध्यांच्या चिखलाच्या आणि रोवणीच्या तारखा मला लिहून दिल्या. पाणी बोडीचं, मामा तलावाचं की फक्त पावसाचं, तेही. त्या तारखा घेऊन मी मागच्या वर्षांची चित्रं बघितली. बांधी दर वर्षी जुलैच्या आसपास काळी होते आणि धान वाढलं की हळूहळू उजळते. पूर असा पंचांग बघून येत नाही. म्हणून आता प्रोग्राम आधी विचारतो, की ही जागा मागच्या वर्षीही याच आठवड्यांत काळी होती का? होती तर रोवणी असेल, घाई करू नको. दुसरं विचारतो, की नदीकाठची झाडी अचानक नेहमीपेक्षा जास्त चमकते आहे का? तर आत पाणी असेल. तिसरं, जमिनीची उंची बघतो, कारण वरच्या बांधीत पूर आणि खालची कोरडी असं होत नाही. अजूनही चुकतो, पण पहिल्याइतका नाही.

यात एक अडचण उरतेच. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची आहे. ती पानांवरच अडते, दाट झाडीच्या आत फारशी जात नाही. आपला भागच झाडीपट्टी! इथं नव्या उपग्रहाचं महत्त्व आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीनं 'निसार' वर नेला. नासा आणि इस्रो यांनी मिळून बनवलेला. त्यावर दोन रडार आहेत, नासाचं २४ सेंटिमीटर लहरीचं आणि इस्रोचं साडेनऊ सेंटिमीटरच्या आतबाहेरचं. दोन्हींना मिळून बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री. लांब लहरीला पान म्हणजे काहीच नाही, ती फांद्या आणि बुंध्यापर्यंत पोचते. दर बारा दिवसांनी निसार त्याच जागेवरून जातो, आणि त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवायची हे आधीच ठरलेलं आहे. इस्रोच्या रडारनं टिपलेलं पहिलं चित्र होतं गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशाचं. आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे त्या पहिल्या चित्रात आपल्याही बांध्यांतून वाहून गेलेलं पाणी होतं, असं मी मनाशी धरलं आहे.

बारा दिवस मात्र पुरासाठी फार झाले. पूर दोन दिवसांत येऊन जातो. म्हणून स्पष्ट सांगते, उपग्रह पुराची आगाऊ सूचना देणार नाही. ती धरणातला विसर्ग, पाऊस आणि नदीची पातळी यांवरूनच मिळेल. तिथंही एक साधं रडार कामाला येतं. पुलाखाली टांगलेली डब्याएवढी पेटी, पाण्याकडे तोंड करून, दर थोड्या वेळानं वरून पाणी किती अंतरावर आहे ते मोजते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून कळवते. केंद्रीय जल आयोग आपल्या केंद्रांवर असे मापक वापरतो. पाण्यात काही बुडवायचं नाही, म्हणून पुरात वाहूनही जात नाही. उपग्रहाच्या तुलनेत हे किरकोळ यंत्र, पण २०२० च्या त्या रात्री भावाला याचाच उपयोग झाला असता.

आता चंद्रपूरकडच्या मंडळींसाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी. आपल्या जिल्ह्यात कोळसा पिढ्यान्‌पिढ्या काढला जातो आहे. जमिनीखाली किती पोकळ आहे, वरच्या माणसाला काय माहीत?

रडार इथं एक वेगळीच गोष्ट करतं. प्रतिध्वनी किती जोराचा हे तर तो लिहितोच, पण लहर नेमकी कोणत्या टप्प्यावर, शिखरावर की दरीत असताना परतली, हेही लिहितो. बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून ऐकलं आणि लहर किंचित उशिरा परतली, तर जमीन तेवढी खाली गेली. २४ सेंटिमीटरच्या लहरीत जमीन १२ सेंटिमीटर सरकली की एक पूर्ण आवर्तन होतं, आणि त्या आवर्तनाचा छोटासा भागही मोजता येतो. म्हणजे साडेसातशे किलोमीटरवरून जमीन बोटभरही नव्हे, नखाएवढी खचली तरी कळू शकतं. अट एकच : दोन्ही वेळा जमीन तशीच दिसायला हवी. छोट्या लहरीला पानं हलली तरी सगळं बदललेलं दिसतं. लांब लहर म्हणून आपल्या हिरव्या भागात जास्त भरवशाची.

यातही अतिशयोक्ती नको. जमीन महिनोन्‌महिने हळूहळू खचत असेल तर रडार सांगेल. वर काही न दाखवता एका क्षणात छत कोसळलं, तर नाही सांगणार. पण जुन्या खाणींवर वसलेल्या वस्त्यांची दर बारा दिवसांनी तपासणी करायला आता माहितीचा खर्च नाही, ती करणारी माणसं हवीत. उघड्या खाणींत तर जमिनीवर उभं केलेलं छोटं रडार समोरच्या उताराकडे सतत बघत असतं आणि मिलिमीटरभर हालचालीवर भोंगा वाजवतं. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमधल्या राजमहल प्रकल्पाच्या लालमटिया खाणीत मातीचा ढीग कोसळून २३ कामगार गेले. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसं खाणीत पाळी करतात. तुमच्या खाणीत असं रडार आहे का, आणि भोंगा वाजल्यावर माणसं बाहेर काढायचा अधिकार पाळीवर कोणाकडे आहे, हे दोन्ही प्रश्न जरूर विचारा. दुसरा जास्त महत्त्वाचा.

शेवटी एक मागणं, आणि मग जेवण.

येत्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याबद्दलचे बरेच निर्णय अशा चित्रांवरून होतील. कुठं पूर आला, किती धान लागलं, जंगल किती दाट, जमीन कुठं खचते. ती चित्रं काढणारी माणसं माझ्यासारखी असतील, पुण्या-बंगळुरात बसलेली, गणितात पक्की, आणि रोवणी कधी असते हे न कळणारी. मी तर इथलीच. माझ्या आईनं पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहिल्या आहेत. तरी खुर्चीत बसल्यावर मी बांधी विसरले. मग दुसऱ्याचं काय?

म्हणून आपल्या बॅचनं एक काम करावं असं मला वाटतं. आपल्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, दोन वनरक्षक आहेत, एक ग्रामसेवक, खाणीत काम करणारे चार-पाच जण. पाणी चढेल तेव्हा आपापल्या गावात ते कुठपर्यंत आलं, ते शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर रंगानं खूण करून तारीख लिहा आणि मोबाइलवर जागेसकट फोटो काढा. बांधीत चिखल केला तो दिवस, धान कापलं तो दिवस, वहीत लिहा. घराला नवी भेग पडली तर तिच्या दोन्ही बाजूंना खूण करून दर महिन्याला अंतर मोजा. यासाठी इंजिनिअर लागत नाही. मला त्या नोंदी पाठवा, मी चित्राशी ताडून बघेन आणि काय निघालं ते मराठीत, आपल्या ग्रुपवर, परत पाठवेन. आपल्या शाळेतल्या आजच्या नववीच्या मुलांना यात घ्यावं, असं मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. त्यांना प्रयोगासाठी मिलची भिंत आता मिळणार नाही, तिथं मंगल कार्यालय झालं आहे. नदी मात्र तिथंच आहे.

आणि मी चुकीचा नकाशा पाठवला तर फुलं पाठवू नका. मागच्या रांगेतल्या मित्रासारखं सरळ सांगा, "उलटं झालं ना सारं."

सर, तीस वर्षांपूर्वी तुम्ही भर वर्गात एका पोराचं ऐकून फळा पुसला होता आणि सगळं गणित पुन्हा मांडलं होतं. मी आज ज्या खुर्चीत बसते तिथं मला तेवढंच जमायला हवं. बाकी बेरीज संगणक करतो.

नमस्कार. चला, जेवायला.